देवाजीच्या छातीवरची पट्टी

मनकर्णाबाईचं तोंड पाहावं असं रंजूला सोळा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. आणि आता त्याच बाईच्या मेलेल्या नवऱ्याची अब्रू खरी की खोटी, हे सांगायला रंजू लाखनीहून दोन बस बदलून निघाली होती. कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, सरपंचबाईंनी बोलावलं म्हणून चालले. ते काही खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठी कोणी दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप घालून एवढ्या लांब जात नाही. तिला त्या बाईची फजिती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती, सरळ गोष्ट आहे.

रंजूचं दुकान लाखनीला हायवेवर. पोलिस, होमगार्ड, रिटायर फौजी, सगळ्यांचे गणवेश तिच्या हातून जायचे. पण तिचं नाव होतं ते रिबनपट्टीसाठी. फौजी माणूस मेडलं काही रोज छातीवर लटकवून फिरत नाही. त्या मेडलांच्या फितीचे बोटबोटभर तुकडे एका पट्टीवर शेजारी शेजारी शिवतात आणि ती पट्टी डाव्या खिशाच्या वर लावतात. कोणता तुकडा आधी, कोणता मागून, हे सरकारनं ठरवून दिलेलं असतं. मोठा मान बटणांच्या बाजूला, मग उतरत्या क्रमानं खांद्याकडे. जाणकाराला ती पट्टी वाचता येते. माणूस कुठं लढला, किती वर्षं टिकला, सगळं. आजकाल असल्या जुन्या पट्ट्या जमवायचं वेड लागलंय लोकांना. नागपूर-रायपूरचे हौशी लोक रंजूकडे पट्ट्या पाठवायचे, खरी की बनावट ते सांग म्हणून. तिचा नियम एकच. पट्टी हातात घेतल्याशिवाय, उलटीसुलटी करून बोटानं चाचपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. फोटोवरून निकाल मागणाऱ्याला ती फोनवरच झापायची.

पिपरटोली हे तिचं माहेर. आंबागडच्या डोंगराच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून मासेमार ढिवरांची तीस घरं आणि पलीकडे धानवाल्या शेतकऱ्यांची वस्ती. तलावात मोठं जाळं ओढलं की मासळीचे ढीग पाळीवर घालायचे, घरटी एक. रंजू बारा वर्षांची असताना तिचा बाप तुलाराम छातीच्या आजारानं गेला. त्यानंतर पहिल्यांदा जाळं ओढलं तेव्हा तिची आई आनंदाबाई टोपली घेऊन पाळीवर गेली, तर मनकर्णाबाईनं तिच्या नावचा ढीग पायानं सारून शेजारच्या ढिगात मिसळला. "जाळं ओढाले घरात गडी नाही, तुले ढीग कायचा?" साऱ्या गावासमोर. एक माणूस बोलला नाही. महिन्याभरात मायलेकी लाखनीला मामाकडे निघून गेल्या. आई मरेपर्यंत तो ढीग विसरली नाही, आणि रंजू तर अजून जिवंत होती.

मनकर्णाबाईचा नवरा देवाजी फौजेत होता, हे सारं गाव मानत आलेलं. एकाहत्तरच्या लढाईत बांगलादेशच्या नद्यांवर त्यानं फौजेच्या बोटी हाकल्या म्हणे. ढिवराचा पोर, पाण्याला काय भिणार. दहा-अकरा वर्षांत नोकरी सोडून आला, म्हणून पेन्शन नाही. कागद वाळवीनं खाल्ले. पलटणीचा नंबर कोणाला ठाऊक नाही, मग पत्र तरी कुठं पाठवायचं? देवाजीला जाऊनही पंचवीस वर्षं झाली. उरली होती ती छातीवरची पट्टी. यंदा गावानं तलावाच्या पाळीवर फौजींच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. दगड दिला भय्याजीनं. भय्याजी म्हणजे राईस मिलवाला, त्याच्या आजाकडे कधीकाळी हा तलाव होता. त्याला तलवारी, टोप्या, मेडलं जमवून काचेच्या कपाटात मांडायचा नाद. पंधरा ऑगस्टला लोकांना दाखवतो म्हणून तो मनकर्णाबाईची पट्टी घेऊन गेला. महिन्यानं परत आणून दिली, तर बाई म्हणाली, ही माझी नाही.

झालं. भय्याजीला एका म्हातारीनं भर चौकात चोर ठरवलं. त्यानं कुठलंसं पुस्तक काढलं आणि उलट तिच्यावरच डाव टाकला. म्हणाला, पट्टी हीच होती, आणि ही मुळातच नकली आहे. हिच्यावरचा क्रमच चूक आहे. तुझा नवरा फौजेत नव्हताच बुढे, बाजारातून पट्टी आणून तुम्हा सगळ्यांना बनवत होता. असल्याचं नाव माझ्या दगडावर चढणार नाही. तेव्हापासून गावात देवाजीचं नाव निघालं की पोरंटोरं सॅल्यूट मारून दात काढत होती.

सरपंच ज्योत्सना ही शेतकऱ्यांच्या वस्तीतली, बी.ए. झालेली, तिशीतली बाई. तिला हे भांडण दिवाळीआधी मिटवायचं होतं. तिच्या पोलिस भावाची पट्टी रंजूनं शिवली होती, म्हणून तिनं रंजूला फोन केला. भय्याजीनं ते नाव ऐकलं आणि लगेच होकार दिला. त्या ढिगाची गोष्ट त्यालाही माहीत होती.

पंचायतीच्या हॉलमध्ये रंजू पोचली तेव्हा अकरा वाजले होते. पुढच्या खुर्चीवर भय्याजी, पांढराशुभ्र कुर्ता, पायावर पाय. त्याच्या मागं त्याचा पुतण्या भुपेंद्र मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला. मनकर्णाबाई दाराजवळ खाली जमिनीवर. ढिवरवस्तीतली माणसं आली होती, पण तीही तिच्यापासून चार हात लांब. नकली माणसाच्या बायकोशेजारी कोण बसणार?

रंजूला पाहताच म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. "हिले कोनं बोलावलं? जिल्ह्यात दुसरं कोनी भेटलं नाही काय?"

"भेटलं असतं," रंजू म्हणाली. "पन त्यायनं तुह्यासाठी दुकान बंद केलं नसतं."

"अरे वा," भय्याजी हसला. "तुमच्याच लोकायतली पोरगी हाय. म्हंजे भय्याजीनं मानूस फोडला, असं कोनी म्हनाले नको."

ज्योत्सनानं टेबलावरची स्टीलची डबी उघडली आणि आतली पट्टी दोन बोटांत धरून वर केली. पिवळट पडलेल्या प्लास्टिकच्या आवरणात दोन ओळी; वर दोन तुकडे, खाली तीन. रंजू टेबलापासून सहा-सात हात लांब उभी होती. तिनं तिथूनच नजर फिरवली. वरच्या ओळीत पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही एकाहत्तरच्या लढाईची. पूर्वी स्टार आधी पाहिजे, बटणांच्या बाजूला. इथं तो खांद्याच्या बाजूला गेलेला. खालच्या ओळीतही नऊ वर्षांच्या नोकरीचा तुकडा, जो सगळ्यात शेवटी असतो, तो सगळ्यात आधी.

सोळा वर्षं पोटात धरलेलं तोंडात आलं. एक पाऊलही पुढं न टाकता ती म्हणाली, "नकली हाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. ज्योत्सनानं पट्टीकडं पाहिलं. "मी उलटी तर नाही ना धरली, रंजूताई?"

"उलटी धरली तर तीनवाली ओळ वर येईन. तशी कोनी लावत नाही. वरची ओळ बी उलटी, खालची बी उलटी. खऱ्या फौजीची पट्टी अशी राहूच शकत नाही. हे तर पलटनीतला नवा रंगरूट बी सांगन."

"लिहा मॅडम," भय्याजी म्हणाला. "लिहून घ्या आनि सह्या घ्या. अन् चहा सांगा सगळ्यायले."

रंजूनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. आता रड, असं तिला म्हणायचं होतं. आता तुझा ढीग सरकला पायानं. पण म्हातारी रडत नव्हती. ती भिंतीला हात टेकवून उठली, सावकाश, गुडघे धरत, आणि रंजूच्या समोर येऊन उभी राहिली.

"हात नाही लावला तू तिले," ती म्हणाली. "म्या मासोळी बी हातात घेतल्याबिगर सांगत नाही, ताजी हाय का शिळी. अन् तू लाखनीहून आली, एवढी शहाणी, अन् तठून पाहून सांगते? असंच करते का दुकानात?"

रंजूला ते झोंबलं. बरोबर जिथं लागायचं तिथं लागलं. आपला नियम आपण मोडला, आणि तोही या बाईच्या देखत. ती फणकाऱ्यानं पुढं झाली आणि ज्योत्सनाच्या हातातून पट्टी घेतली. "हे घे, लावला हात. अजून काय करू?"

आवरण काढून तिनं पट्टी पालथी केली. खरी जुनी पट्टी समोरून उडते, उन्हानं. पण तुकडे मागं दुमडलेले असतात, त्या घडीत रंग नव्यासारखा राहतो. तिनं नखानं घडी उचकटली. घडीतला रंगही समोरच्याइतकाच मेलेला होता. म्हणजे उन्हानं नाही, पाण्यात बुडवून जुनी केलेली. चहाच्या पाण्यात. ती तोंड उघडून हेही सांगणार होती, की चहात बुडवलेली आहे, घ्या लिहून. तेवढ्यात तिचा अंगठा पट्टीच्या मधोमध दाबला गेला आणि आतून बारीकसा कर्रर आवाज आला.

रंजूनं तिथंच पुन्हा दाबून पाहिलं.

पट्टी ताठ राहावी म्हणून आत काहीतरी घालावं लागतं. फौजेत पितळेची पातळ पट्टी घालतात. बाहेरचे शिंपी पुठ्ठा घालतात, प्लास्टिक घालतात. जुन्या एक्स-रेची फिल्म घालणारी सगळ्या जिल्ह्यात एकच होती. बाप गेल्यावर त्याच्या फिल्मांचं गाठोडं घरात पडून होतं, तीन वर्षांच्या दवाखान्याच्या वाऱ्यांचं. मामी फेकायला निघाली होती. रंजूनं दुकान टाकलं तेव्हा तिला कळलं, की ती फिल्म कात्रीनं झकास कापली जाते, घामानं फुगत नाही आणि धुतली तरी वाकत नाही. विकत कशाला आणायचं? दाबली की फक्त असा आवाज करते.

आता तिला सगळं आठवलं. ऑगस्टच्या शेवटी अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली होती. शाळेच्या नाटकाले पाहिजे, म्हातारा फौजी हाय, जुनी दिसली पाहिजे. फोटोत हाय तशीच्या तशी. फोटो कोण्या माणसाच्या छातीचा होता. क्रम उलटा आहे हे तिला तेव्हाही दिसलं होतं. नाटकातला फौजी, आपल्याला काय करायचं, म्हणून तिनं जसा दिसला तसा शिवला, चहात बुडवला, उन्हात वाळवला आणि तुमसरच्या बसमधून पाठवून दिला. आवरण आणि मागची पिन कोणीतरी नंतर चढवली होती.

हातात होती ती तिचीच शिलाई. आता करायचं काय?

काहीच करायचं नव्हतं, ही तर मोठी गंमत. तिनं नकली म्हटलं होतं आणि पट्टी नकलीच होती. शब्दाला कुठं बाध येत नव्हता. पट्टी डबीत ठेवायची, चहा घ्यायचा आणि दोनची बस पकडायची. देवाजीचं नाव दगडावर चढणार नाही, म्हातारी मरेपर्यंत लबाडाची बायको म्हणून जगेल, आईचा हिशेब चुकता होईल. आणि तोंड उघडलं तर? खरी-खोटी सांगणारी बाईच खोट्या पट्ट्या बनवते, हे उद्या भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत होईल. कोण पाठवणार मग तिच्याकडे पट्टी? तिनं काढलेलं आवरण टेबलावरून उचललं.

"झालं ना समाधान?" भय्याजी मनकर्णाबाईला म्हणाला. "हात लावून पाह्यलं पोरीनं. आता बस खाली. अन् खरं सांगू का सगळ्यायले, मले तर पहिलेच समजाले पाहिजे होतं. ढिवराले फौजेत कोन घेते? मासोळ्या मारल्या असन तलावातल्या दहा वर्सं, अन् घरी येऊन सांगतलं, लढाई मारून आलो."

चारदोन जण हसले. ढिवरवस्तीतली माणसं खाली पाहत होती. तिच्या आईच्या वेळीही ती अशीच खाली पाहत होती. रंजूला त्यांचाही संताप आला, भय्याजीचाही आला, आणि स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. मनकर्णाबाईवरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. तो जागच्या जागी होता. पण ढिवराला कोण घेतं, हे ऐकून घेऊन दोनची बस पकडायची, एवढं थंड रक्त तिचं नव्हतं.

"भय्याजी, थांबा," ती म्हणाली. "माह्यं बोलनं पुरं नाही झालं."

"नकली म्हनलं ना तू."

"नकलीच हाय. मीच बनवली."

तिनं पर्समधलं ब्लेड काढलं आणि कोणी काही म्हणायच्या आत पट्टीच्या मागची शिलाई उसवली. फितीचे तुकडे बाजूला करून आतली निळी-काळी फिल्म ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दोन बोटांएवढ्या तुकड्यात फासळीची पांढरट कमान दिसत होती. कोपऱ्यात दवाखान्यानं छापलेली अक्षरं होती, अर्धवट कापलेली.

"मॅडम, वाचा," तिनं ज्योत्सनाला तुकडा दिला.

ज्योत्सनानं डोळे बारीक करून वाचलं. "तुला... पुढं कापलं हाय. अन् तारीख. दोन हजार आठ."

"तुलाराम. माहा बाप. त्याच्या छातीचा एक्स-रे होय हा. मी माह्या दुकानात पट्टीत हेच घालते, दुसरं कोनी घालत नाही. देवाजीबाबा मेला नव्व्यान्नव साली. त्याच्या पट्टीत दोन हजार आठचा एक्स-रे कोनं घातला?"

आता मात्र हॉलमध्ये कोणी हसलं नाही. भय्याजीनं पायावरचा पाय काढला. पण तो काही इतक्यात ऐकणारा नव्हता. "म्हंजे तुम्ही दोघी मिळून होत्या तर. बुढीनं तुह्याकडून बनवून घेतली अन् मले दिली. मी पहिलेच म्हनलं, यायची जात..."

"जातीवर जाऊ नका, भय्याजी," ज्योत्सना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "रंजूताई, कोनं बनवाले सांगतली हे?"

रंजूनं मोबाईल काढला. ऑर्डरचे फोटो ती कधी पुसत नसे. गिऱ्हाईक मागून भांडतं, मी असं सांगितलंच नव्हतं म्हणून. ऑगस्टपर्यंत मागं सरकवत गेली. सापडला. तेव्हा तिनं फक्त छातीवरची पट्टी मोठी करून पाहिली होती. आता तिनं पूर्ण फोटो उघडला. काळा चष्मा, कुर्ता, छाती फुगवून घेतलेली सेल्फी. मागं राईस मिलची भिंत, तिच्यावर रंगवलेलं मिलचं नाव आरशात दिसावं तसं उलटं. आणि पट्टी डाव्या छातीवर असायची ती उजव्या छातीवर. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. सेल्फीनं सगळंच फिरवून टाकलं होतं, म्हणून क्रमही फिरला होता. मूळ पट्टीचा क्रम बरोबर होता. चूक या माणसाच्या हौसेत होती आणि तिच्या आळसात होती.

तिनं मोबाईल ज्योत्सनाच्या हातात दिला आणि भुपेंद्रकडं बोट केलं. "हा घ्या. मेलेल्या फौजीची पट्टी आपल्या छातीवर लावून फोटो काढून राहिला होता."

भुपेंद्रनं आपला मोबाईल खिशात टाकला, पण आता लपवून काय उपयोग. फोटो ज्या नंबरावरून आला होता तो ज्योत्सनानं पाहिला, आपल्या फोनमधून लावला, आणि त्याच्या खिशात घंटी वाजायला लागली. "मले काय मालूम हे हिचं दुकान हाय म्हनून," तो पुटपुटला. "हायवेवरच्या बोर्डावर नंबर होता. काकानं सांगतलं, लांबून बनवून आन."

भय्याजीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की घरी गेल्यावर त्याची काही खैर नव्हती. मग तो उठून उभा राहिला. "मी जपून ठेवली ती. तुमच्या घरात वाळवीनं खाल्ली असती. कदर हाय काय कोनाले? काचेच्या कपाटात ठेवली मी तिले."

"माह्या घरी पंचेचाळीस वर्सं होती," मनकर्णाबाई म्हणाली. "वाळवीनं कागद खाल्ले. पट्टी नाही खाल्ली. ते तू खाल्ली."

"भुपेंद्र," ज्योत्सना म्हणाली, "अर्ध्या तासात पट्टी इथं आली पाहिजे. नाही तर मी ठाण्यात फोन लावते, अन् हा फोटो त्यायलेच दाखवते."

भुपेंद्र गेला. भय्याजी दारापर्यंत गेला आणि रंजूजवळ थांबला. "लाखनीत दुकान कसं चालते तुह्यं, पाह्यतो मी."

"पाहा ना," रंजू म्हणाली. "लांबून बनवून आनाले अजून कोनी लागलं तर नंबर हायच तुमच्याजवळ."

तो निघून गेला. त्यानं दिलेला दगड तलावाच्या पाळीवर आधीच रोवून झाला होता, तो काही त्याला उपटून नेता येत नव्हता.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. चहा आला, तो कोणी रंजूला दिला नाही. भुपेंद्रनं मखमलीच्या खोक्यात पट्टी आणली आणि टेबलावर टाकून परत गेला. मनकर्णाबाईनं ती उचलली आणि पदराच्या घडीत धरली.

"आजी, एकदा तपासून घेऊ द्या," ज्योत्सना म्हणाली. "लिहिनं भाग हाय. दगडावर नाव चढवाचं हाय."

"तपासा. पन हिच्या हातात देनार नाही मी."

कोणी कितीही समजावलं तरी म्हातारी हटेना. शेवटी तिनं स्वतःच्या तळहातावर पट्टी ठेवली, आणि रंजूला तिच्यासमोर वाकून पाहावं लागलं, हात मागं बांधून. क्रम बरोबर होता. समोरून रंग उन्हानं उडालेला.

"पलटव जरा," रंजू म्हणाली. मनकर्णाबाईनं पलटवली. "घडी उचल. नखानं. हळू."

घडीत रंग अजून ताजा होता. पितळेची पट्टी हिरवी पडलेली. एका कोपऱ्याची शिलाई कधीतरी उसवली असावी. तिथं तपकिरी जाड सुतानं टाके घातले होते. जाळ्याचं सूत. झाडाच्या सालीच्या पाण्यात शिजवून काढलेलं, जुन्या जाळ्यांचं असायचं तसं, आणि गाठही जाळं विणताना मारतात तीच. असली गाठ नागपूरचा कोणता शिंपी मारतो? हे टाके पितळेच्या भोवती घालताना देवाजी कुठं बसला असेल, कोणत्या नदीच्या काठी, हे काही रंजूला ठाऊक नव्हतं. पण घालणारा ढिवर होता, एवढं ती डोळे मिटून सांगू शकली असती. ती सरळ उभी राहिली.

"खरी हाय," ती म्हणाली.

"ते मले मालूम होतं," मनकर्णाबाई म्हणाली. "तुले आता समजलं."

ज्योत्सनानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. ढिवरवस्तीतली माणसं आता म्हातारीच्या भोवती गोळा झाली, मघापासून जणू तिथंच बसली होती. सह्या झाल्या, अंगठे झाले. रंजूनं सही केली तेव्हा ज्योत्सना हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बोलल्या, ते चांगलं केलं. पन ताई, माह्या भावाले आता काय सांगू? त्याची बी पट्टी तुमच्याच हातची हाय." रंजूनं पेन टेबलावर ठेवलं. तिनं पर्स खांद्याला लावली.

दारात मनकर्णाबाई आडवी आली. रंजूनं मान ताठ केली. आता ही काहीतरी बरं बोलेल असं तिला वाटलं, आणि बोललीच तर आपण ऐकून घ्यायचं नाही हेही तिनं ठरवून टाकलं.

"पहिले नकली म्हनलीस तू," म्हातारी म्हणाली. "तठूनच. म्या ऐकलं."

"आई मेली, तरी ढिगावरचं तुह्यं बोलनं मी बी अजून ऐकूनच हाय."

"ऐकूनच राह्य. म्या काही माफी नाही मांगत तुले." तिनं मूठ पुढं केली. मुठीत फिल्मचा तो तुकडा होता. टेबलावर पडून राहिला होता, चहाच्या कपांमध्ये. तिनं तो पदरानं पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि रंजूच्या हातात ठेवला. "तुलारामले अठी टाकून चालली होती काय? लहानपनी माह्यासंगं पोहत होता तो या तलावात. असं कातरते काय कोनी बापाले?"

रंजूनं तुकडा घेतला.

"बाकीचा कुठी हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

रंजू दारात उभी राहिली. दुकान टाकल्याला सात वर्षं झाली होती, आणि प्रत्येक पट्टीत त्याचा एक तुकडा गेला होता. भंडारा, साकोली, गोंदिया, पवनी. शिपाई, हवालदार, होमगार्ड. कोण बदलून कुठं गेलं, कोणाचा गणवेश फाटून फेकला गेला, तिनं कधी लक्षात ठेवलं नव्हतं. तुकडा तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.